दहा मिनिटं गप्प बसायचं

लिफ्टसमोर तो हत्यारांची पिशवी घेऊन उभा होता, आणि आत काही जात नव्हता.

"बंद आहे का?" तिने विचारलं.

"लिफ्ट ठणठणीत आहे," तो कसनुसा हसला. "मीच बंद पडलोय."

सहा महिन्यांपूर्वी एक लिफ्ट त्याला घेऊन दोन मजले कोसळली होती. अंगावर ओरखडा नाही, पण तेव्हापासून लिफ्टचं दार उघडलं की छातीत धडधड… आणि पोट तर लिफ्टदुरुस्तीवरच! ती खुदकन हसली आणि लगेच ओशाळली. मनावर ताण आला की हृदय किती धडधडतं आणि किती वेळात सावरतं, हेच मोजायचं काम ती तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत करायची.

"या की वर," ती म्हणाली. "जिन्याने."

तीन भेटींचा प्रयोग होता. छातीला वायरी चिकटवायच्या, हजारातून सात-सात वजा करायला लावायचं, आणि माणूस चुकला की करड्या आवाजात म्हणायचं, "चूक. पहिल्यापासून." नंतर दहा मिनिटं विश्रांती. त्या वेळात तिने बोलायचं नाही, हसायचं नाही, नाहीतर ठोक्यांच्या नोंदीचा कागद बाद. एकदा ती हसली, तेव्हा प्रयोगशाळेच्या मॅडमनी तिची चांगली हजेरी घेतली होती. तेव्हापासून हसू आलं की ती कपाळाला आठ्या घालायची. घरी ताई म्हणायची, "बाई गं, त्या आठ्या कामावरच ठेवून येत जा. घरातलं दूध नासतं."

दुसऱ्या भेटीत तो म्हणाला, "आठ्याबाई, घरीही अशीच गणितं घालता?"

"घरी मी वाद घालते."

"हात्तिच्या! मग घरीच बोलवा की… तिथे निदान जिंकेन तरी."

"स्वप्नात!"

त्या दिवशी वायरी काढायला तिने उगाचच वेळ लावला. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि छत्री एकच होती. दोघांचाही एकेक खांदा भिजला. बसस्टॉप आला, गेला, आणि दोघं चालतच राहिले.

तिसऱ्या भेटीत वजाबाकी संपली, दहा मिनिटांचं घड्याळ सुरू झालं, आणि तो हळूच बोलला—

"तुम्हाला बोलायचं नसतं, माहीत आहे. नुसतं ऐका. कंपनी मला दुसऱ्या गावी पाठवतेय. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय… तुम्ही 'राहा' म्हणालात, तर राहीन. दहा मिनिटं झाली की सांगा."

पडद्यावरचा त्याच्या ठोक्यांचा आकडा टुणकन एकशे अठरावर गेला. तिचे ठोके कुणी मोजत नव्हतं म्हणून बरं! हसू असं उसळलं, की ते दाबायला तिने जन्मात घातल्या नसतील एवढ्या आठ्या घातल्या, ओठ घट्ट मिटले आणि नजर घड्याळाला चिकटवली. तो त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. एकशे सहा… ब्याण्णव… एकोणऐंशी… शेवटी बहात्तर. वेडीला वाटलं, काय गुणी कागद आला!

घंटी वाजली. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तोच मान खाली घालून म्हणाला, "असू द्या… कळलं मला. राग मानू नका."

दारातून मॅडम आल्या. "वा, किती छान सावरलाय!"

आणि तिने, जिला एकच शब्द बोलायचा होता, कागद पुढे केला. "इथे सही करा."

जिन्यात गाठू म्हणाली, तर मॅडमनी पुढचा माणूस खुर्चीत बसवलेला. संध्याकाळी फोन करू म्हणाली, तर धीर होईना. चौथ्या दिवशी ताईनेच फोन तिच्या हातात कोंबला.

"आठ्याबाई! अहो, काय म्हणता?"

"तब्येत विचारायला… अहवालासाठी."

"झकास! कालच इथे रुजू झालो. लिफ्टने थेट अकराव्या मजल्यावर गेलो, धडधड नाही की काही नाही." आवाज खरंच शांत होता, दुखण्यातून उठलेल्या माणसाचा. "खरं सांगू? त्या दिवशी तुमच्याकडे बघता बघता मनाला म्हटलं, नाही तर नाही. एवढं पचलं, मग लिफ्टचं काय घेऊन बसलात! …अजून काही विचारायचंय?"

विचारायचं होतं. पण इतक्या कष्टाने सावरलेल्या माणसाला आता पुन्हा कुठे हलवायचं?

"नाही," ती म्हणाली. "जपा स्वतःला."

त्याने फोन ठेवला. "काय म्हणाला? अगं, काय म्हणाला?" ताई विचारत राहिली. तिने बंद फोन तसाच कानाशी धरला, आणि म्हणाली, "राहा."