यल्लव्वाची सोबतीण

नेसरीची यल्लव्वा कोल्हापुरातल्या रुग्णनिवासात पोचली तेव्हा दुपार झाली होती. घशातल्या कॅन्सरच्या गाठीला पस्तीस दिवस रोज लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायची होती. इथं राहायला खोली फुकट, दवाखान्यात न्यायला-आणायला गाडीही फुकट. अट एकच, पेशंटबरोबर घरचं माणूस पाहिजे. आणि यल्लव्वाला तर मागंपुढं कोणी नव्हतं.

"सोबतीला कोण?" व्यवस्थापक कृष्णातनं विचारलं.

"धाकटी भैन हाय की. बायडा. मागनं येतीया," तिनं घोगऱ्या आवाजात ठोकून दिलं. बहीण तिला कधी नव्हतीच. तोंडाला आलं ते नाव सांगून मोकळी झाली.

पिशवी खोलीत टाकून ती दवाखान्यात कागद देऊन आली, तर कृष्णात म्हणाला, "मावशी, तुमची भैन आली की. वर बसलीया."

यल्लव्वा जिना चढून वर गेली. कॉटवर एक बाई पाठमोरी बसून यल्लव्वाच्याच लुगड्याची घडी घालत होती.

"आलीस व्हय अक्का? बस... दमली असशील."

आवाज यल्लव्वाचाच होता. गाठ व्हायच्या आधीचा.

खाली पळावं, ही माझी कोण न्हाय म्हणून ओरडावं, असं तिला दहादा वाटलं. पण मग थाप उघडी पडणार, खोली जाणार, उपचार थांबणार. गाठ थोडीच थांबणार होती? ती कॉटच्या कडेला टेकली. बायडा जेवली नाही, आडवीही झाली नाही. उशाशी बसून राहिली. खोलीभर ओल्या मातीचा वास येत होता.

सकाळी गाडीत बायडानं तिचा हात धरला. गारठलेला हात. यल्लव्वाला एकच आशा होती. मशीनच्या खोलीत पेशंटशिवाय कोणालाच थांबू देत नाहीत. बाकीचे पेशंट त्या खोलीला टरकतात, यल्लव्वा मात्र आत जायला उतावीळ झाली होती. तेवढीच दहा मिनिटं सुटका!

तिला टेबलावर निजवलं. तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवून टेबलाला अडकवला. मान हलेना, ओठ उघडेनात. सगळे बाहेर गेले. जाडजूड दार लागलं. यल्लव्वानं सुस्कारा सोडला.

तेवढ्यात तिच्या पायांवरची चादर कोणीतरी हळूच सारखी केली.

"मावशी, अजिबात हलू नका," स्पीकरमधून, बाहेर कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघणाऱ्या ऑपरेटरचा आवाज आला. मग तो पुन्हा बोलला, "आणि... तुमच्या बहिणीला बाहेर यायला सांगा."

"सांग की, अक्का..." कानाशी कोणीतरी कुजबुजलं.