ओठ सगळ्यात शेवटी

ही गोष्ट खरी आहे म्हटलं तर कुणी मानायचं नाही. न मानोत.

ती माणसांची चित्रं काढायची. गिऱ्हाइकाला खिडकीशी बसवायची, सुरीच्या पात्यावर रंग घेऊन त्याच्या गालाशी धरायची. गालात रंग दिसेनासा झाला की छटा जमली. ओठ मात्र सगळ्यात शेवटी. "ओठ आले की चेहरा आपलं ऐकत नाही," असं हसत म्हणायची.

या खेपेला गिऱ्हाईक ती स्वतःच होती. चित्रात चेहऱ्याची उजवी बाजू आईच्या वळणाची काढायची, डावी वडिलांच्या. वडील समुद्रापलीकडचे, तिच्या जन्माआधीच बोटीने गेले ते गेलेच. मागे उरला बैठकीतला एक फोटो. घारे डोळे, धारदार नाक. शाळेत तिला 'बोटीवरची' म्हणून चिडवायचे. पुढे तेच तिने मिरवलं. वडिलांची भाषा शिकली. येत्या प्रदर्शनाला नाव दिलं, 'दोन किनारे'.

पण डावी बाजू टिकेना. संध्याकाळी फोटोवरून जुळवलेला फिकट रंग सकाळी नाहीसा. ओघळ नाही, डाग नाही. नुसतं कोरं कापड. असं तीनदा झालं. उजवा गाल मात्र खडखडीत वाळलेला.

चौथ्या दिवशी नीट पाहावा म्हणून तिने फोटो चौकटीतून काढला. पाठीमागे साबणाची अर्धी जाहिरात. मासिकातलं कात्रण होतं ते.

 तिने कात्रण परत घातलं, खिळे ठोकले, चौकट भिंतीला लावली. अर्धा जीव असा केरात कसा टाकायचा? आईला कात्रणाचं विचारायचंच नाही, असं तिने ठरवलं.

सकाळी डावी बाजू भरलेली होती. तिने हात लावला नव्हता. रुंद नाक, जाड भुवई. कुणाची, तिला ओळखता येईना.

आई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. तिने त्या रुंद नाकाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"झालंय की गं. ओठ राहू दे."

"ओठांशिवाय चित्र असतं का? बस तू. बाबांचं सांग."

"किती वेळा तेच?"

"सांग ना."

आई चित्राकडे पाठ करून बसली. "बोटीवरून उतरले तेव्हा अंगात पांढरा कोट. आपली भाषा मोडकी, पण डोळे असे घारे..."

ओठांची शेवटची रेघ ओढून लेकीने कुंचला दातांत धरला आणि दोन पावलं मागे सरली.

"जाताना म्हणाले, मुलगी झाली तर..."

"खोटं," पाठीमागून लेकीचा आवाज आला.

आईने मान वर करून समोर लेकीकडे पाहिलं. कुंचला अजून लेकीच्या दातांतच होता.