उजव्या हाताचं बटण

अजून उजेड आहे, पण अंधार पडला की दिवा तेवढा तुम्हीच लावा. बटण आत येताना डाव्या हाताला आहे. मी त्याला हात लावत नाही. आमच्या ह्यांना आता सवय झाली आहे. दारात अडखळलात म्हणून तुमचा हात धरून आणलं, राग मानू नका. बसा, सांगते.

मी कापड कापते. आमच्या दुकानात शिलाई मशीन ह्यांचं आणि कात्री माझी. गिऱ्हाइकाचं माप एकदा घेतलं की ते माझ्या डोक्यात बसायचं. लिहून ठेवायची गरज कधी पडली नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला तोराच होता. पित्ताशयात खडे झाले, ऑपरेशन ठरलं, तेव्हासुद्धा मला पोटाची काळजी नव्हती. बँडवाल्यांच्या कोटांचं कापड येऊन पडलं होतं, त्याचीच होती.

ऑपरेशनच्या आधी मला एका थंडगार खोलीत नेऊन झोपवलं. फिनेलचा वास आणि कसल्याशा मशीनची टिकटिक. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती.

"घाबरलीस होय गं?" तिने विचारलं.

मी मान हलवली. तिने हात पुढे केला, मी धरला. दोघींना इंजेक्शन दिलं तेव्हा आमची बोटं एकमेकांत अडकलेली होती. ती सोडवायला नर्सला जोर लावावा लागला, एवढं मला आठवतं.

घरी आले ती डोक्यात धुकं घेऊनच. चष्मा हातात धरून चष्मा शोधायचा, बोलता बोलता वाक्य मध्येच सुटून जायचं. गिऱ्हाइकांची मापं तर एकजात पुसली गेली होती. डॉक्टर म्हणाले, भुलीनंतर काहींना असं होतं, निवळायला वेळ लागतो, धीर धरा. धरला. शब्दकोडी सोडवली, दुपारची झोप घेतली, प्रत्येक काम मोठ्याने बोलून करायला लागले. "गॅस बंद केला. कडी लावली." हे म्हणायचे, "रेडिओ विकून टाकू या आता." मी हसायची, पण आतून रडू यायचं.

आणि ते धुकं नुसतं रिकामं नव्हतं. खोलीत शिरताना माझा हात उजवीकडच्या भिंतीवर बटण शोधायचा. आमचं बटण मी लग्न होऊन आले तेव्हापासून डावीकडेच आहे. मीठ घ्यायला हात उंच जायचा, जिथे आमच्याकडे फळीच नाही. एकदा जेवताना मी ताटातला घास बाजूला काढला आणि दाराकडे बघून हाक मारली, "ये गं, ठमे…" हेही वळून दाराकडे बघायला लागले. आम्ही मांजर कधी पाळलेलं नाही.

"मापं परत घेऊ," हे म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"अहो, आज मापं गेली, उद्या तुमचं तोंड विसरेन. माझं आहे ते मला परत हवंय."

हात धरलेली ती म्हातारी आठवली आणि मी कंबर कसली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी चपला घातल्या आणि डोक्याला विचारायचं सोडून दिलं. पाय नेतील तिकडे गेले. कधी न पाहिलेल्या गल्ल्यांतून ते सराईतासारखे वळत होते. एका जिन्याचा कठडा मध्येच तुटलेला होता. मी पाहायच्या आधीच हाताने ती जागा टाळली. तरी मागे फिरले नाही.

दार म्हातारीच्या सुनेने उघडलं. आम्ही हॉस्पिटलात शेजारी होतो म्हटल्यावर तिने आत घेतलं. आत काळोख होता. तिने उजवीकडच्या भिंतीवर हात नेला आणि दिवा लावला. वरच्या फळीवर मिठाची बरणी दिसली.

"ऑपरेशन झाल्यापासून आम्हाला ओळखत नाहीत हो," ती हळूच म्हणाली. "नुसते आकडे पुटपुटतात…"

म्हातारी छताकडे पाहत होती. मी वाकून कान दिला.

"ढोलवाला… छाती बेचाळीस, डावा खांदा उतरता… बासरीवाला… बाही आखूड…"

माझी मापं होती ती. आवाज तिचा, पण बोलण्याची ढब माझी. क्षणभर तिचं तोंड दाबावंसं वाटलं, इतका मला राग आला. मग मी तिचा हात हातात घेतला.

"आजी, तुमचं माझ्याकडे आलंय, माझं तुमच्याकडे. घ्या तुमचं. मीठ वरच्या फळीवर आहे. कठडा तुटलाय. मांजराचं नाव ठमी."

मी एकेक देत गेले, ती एकेक माप सोडत गेली. तिच्या ओठांवरून सुटलेलं माप माझ्या डोक्यात जागच्या जागी येऊन बसत होतं. शेवटी तिने सुनेकडे पाहिलं आणि विचारलं, "ठमीला दूध दिलंस का गं?" सून ओक्साबोक्शी रडायला लागली.

माझा हात मात्र म्हातारीने सोडला नाही.

"एक राहिलं…" ती म्हणाली.

"काय?"

"राहू दे तुझ्याकडे…"

त्याच आठवड्यात मी बँडचे सगळे कोट कापले. एकातही चूक निघाली नाही. शेवटचा कोट देऊन संध्याकाळी मी एकटीच घरी आले. दारातून आत शिरताना हात सवयीने उजवीकडे गेला. माझं मलाच हसू आलं. हात मागे घेणार, तेवढ्यात बोटाखाली बटण लागलं.

खट्… दिवा लागला.

वळून पाहिलं तर तिथे कोरी भिंत. डावीकडचं बटण बंदच होतं. दिवा विझेना. हे आले आणि त्यांनी बल्ब काढला, तेव्हा कुठे खोलीत अंधार झाला.

म्हणून काही मी कात्री टाकली नाही. डोकं माझं मी परत आणलंय, ते आता कुणाला देणार नाही. फक्त दिव्याला हात लावत नाही आणि होता होईतो कुणाचा हात धरत नाही.

पडला की अंधार. उठा, लावा दिवा… अहो, डावीकडे म्हटलं ना मी? तिकडे कुठे हात नेताय… तिकडे नुसती भिंत आहे…