जिभली

पांगिरवाडीच्या डेअरीत आता दूध चाखून, हुंगून पाहायला माणूस लागत नव्हता. किटलीत एक पट्टी बुडायची आणि भिंतीवरच्या फलकावर दूध घालणाऱ्याच्या नावापुढे ठिपका उमटायचा: दुधात औषधाचा अंश नसेल तर हिरवा, असेल तर लाल. गावानं त्या पट्टीला नाव ठेवलं होतं जिभली. गेला दीड महिना तानूबाई खोतांच्या नावापुढे लाल ठिपका होता. म्हशीला चोरून औषध टोचते, असं गाव उघड बोलू लागलं होतं. आणखी आठवडाभर लाल आला, की तिचं दूध कायमचं बंद.

जिभली घडवणाऱ्या डॉ. हेमांगी चांदेकर म्हणूनच पुण्याहून स्वतः आल्या. देवावर नसेल एवढा त्यांचा आपल्या पट्टीवर विश्वास.

"ह्यात असतंय तरी काय?" तानूबाईंनी विचारलं.

"ग्राफीन. कार्बनच्या अणूंचा एकच थर. त्याला आतली बाजू अशी नाहीच, सगळा पृष्ठभागच. त्यामुळे औषधाचा इवलासा अंश चिकटला तरी त्यातून वाहणारी वीज बदलते, आणि आपल्याला कळतं. विहिरीत अर्धी गोळी टाकलीत तरी कळेल, मावशी."

"मग म्या टोचलं न्हाई, हे बी कळंल की."

हेमांगीबाईंनी म्हशीचं रक्त तपासलं, चारा तपासला, पाणी तपासलं. सगळं हिरवं. मग सहज म्हणून त्यांनी पट्टी तानूबाईंच्या घामेजल्या तळहाताला लावली. लाल.

"गोळ्या कसल्या घेता?"

तानूबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. "टीबीच्या. दीड महिना झाला. घरात मूळव्याधीच्या म्हणून सांगितलंय. ताई, हे फलकावर लावू नगा."

औषध घामातून उतरत होतं आणि धार काढताना नखभर दुधात जात होतं. त्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं. गोळ्या चालू असल्यानं बाईचा रोगही आता पसरत नव्हता.

"रबरी मोजे घालून बघा."

"घातलं. म्हस लाथा झाडती. आन् दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाई."

हेमांगीबाईंनी दूध संघाच्या अध्यक्षांना फोन लावला. एवढ्या अंशाकडे दुर्लक्ष करा म्हणाल्या. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "बाई, उद्घाटनाला तुम्हीच म्हणालात, आता शून्य म्हणजे शून्य. तेच आम्ही पिशवीवर छापलंय. सूट द्यायची तर नावापुढे कारण लिहावं लागेल."

करावं तसं भरावं म्हणतात, पण इथं केलं एकीनं आणि भरत होती दुसरीच. "धीर धरा, मी काहीतरी मार्ग काढते," एवढं तानूबाईंना सांगून हेमांगीबाई पुण्याला परतल्या.

सहाव्या दिवशी प्रयोगशाळेतल्या पडद्यावर पांगिरवाडीचा फलक उघडला, तर तानूबाईंच्या नावापुढे हिरवा ठिपका. त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांनी लगेच फोन केला.

"संघानं ऐकलं वाटतं, मावशी?"

"कशाचं ऐकत्यात. गोळ्या सोडल्या म्या." पलीकडं बराच वेळ खोकला चालला. "आता तुमची जिभली काय बोलत न्हाई."

"अहो, रोग उलटेल. घरात नातवंडं आहेत तुमची."

"ते जिभलीला दिसतंय व्हय?"

नव्हतंच दिसत. जिभलीला औषध कळत होतं, आजार नाही. हेमांगीबाईंनी फोन ठेवला. समोरच्या भिंतीवर त्यांनीच मोठ्या हौसेनं लावलेला आलेख होता. गेल्या वर्षभरात तालुक्यातली बावीस नावं लालवरून हिरव्यावर आली होती.