स्टुलावरचा श्वास

मी थापाड्या आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं आणि उरलेल्यावर हसायचं, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक आहे. पण ही गोष्ट मी रचलेली नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या बाबतीत घडलेली आहे.

आणि अजून संपलेली नाही.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. लख्ख दुपार होती, आणि जागा म्हणजे गावातल्या चर्चच्या मागची छोटी खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, कुरणाकडे उघडणारी एक खिडकी. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना जाड रजया टांगलेल्या. आणि दाराशेजारच्या कोपऱ्यात एक लाकडी स्टूल.

ते स्टूल लक्षात ठेवा म्हणून मी सांगणार नाही. तुम्ही विसरू शकणार नाही.

धाकटा त्या गावात पाळक. रविवारी उपासना, एरवी लग्नं, बाप्तिस्मे, आजारपणं. पण माणूस मूळचा बोलघेवडा. त्याला आणि भावजयीला मिळून एक खूळ सुचलं... पॉडकास्ट! गावातल्या माणसांना त्या खोलीत बोलवायचं आणि देवाच्या गोष्टी करायच्या. पुस्तकी नाही हं. मेंढपाळाला विचारायचं, हरवलेल्या मेंढरासाठी बाकीचा कळप सोडून जाशील का रे? मेंढपाळ म्हणायचा, ‘‘पाळकसाहेब, ते मेंढरू कुठलं आहे त्यावर आहे. काही हरवलेलीच बरी असतात.’’

लोकांना ते फार आवडायचं. शहरातली माणसं कानात घालून ऐकायची म्हणे.

बोलायचं काम धाकट्याचं. आवाजाचं काम भावजयीचं. ती त्या स्टुलावर बसायची, कानांवर हेडफोन, मांडीवर लॅपटॉप. गावानं तिचं नावच ठेवलं होतं, कानवाल्या बाई. सगळ्या भागांत मिळून ती एक शब्द बोललेली नाही. धाकटा आग्रह करायचा, तर म्हणायची, ‘‘घरात एकानं बोललेलं पुरे आहे.’’

तिची एक पद्धत होती. गप्पा सुरू होण्याआधी सगळ्यांनी थोडा वेळ गप्प बसायचं. माइक चालू. का, तर रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा. खोली रिकामी असली तरी तिचा म्हणून एक आवाज असतोच. पंख्याची घरघर, वायरीतली खरखर. तो आवाज संगणकाला दाखवायचा आणि सांगायचं, हा सगळीकडून काढून टाक. की बोलणं कसं धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

पाहुण्यांना हे कुठलं कळायला! पाळक गप्प बसलाय म्हणजे प्रार्थना चालली असणार, असं समजून ते माना खाली घालायचे. मग धाकट्यानं ती खरोखरच प्रार्थना करून टाकली. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला शांतता. ऐकणारेही घरोघर गप्प बसू लागले.

मग भावजय गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

धाकटा रडला नाही. उपासना चुकवली नाही. संध्याकाळी फक्त एक करायचा. जुन्या भागांची मूळ, न धुतलेली रेकॉर्डिंगं लावायचा आणि सुरुवातीची शांतता ऐकायचा.

कारण त्या शांततेत ती होती.

माइक चांगला होता. नीट कान दिला तर कोपऱ्यातून श्वास ऐकू यायचा. आत... बाहेर. आत... बाहेर. एरवी तिचा आवाज कुठेच नव्हता. लग्नाच्या फोटोत आवाज नसतो. एवढाच काय तो उरला होता.

आणि तोच त्यानं स्वतःच्या हातानं पुसला.

झालं असं की चर्चच्या मुख्य कार्यालयाला सगळ्या भागांची मूळ, न कापलेली रेकॉर्डिंगं संग्रहात हवी होती. निरोप आला, खरखर तेवढी काढून पाठवा. खरखर काढणं हे भावजयीचं काम. आता धाकटा बसला, इंटरनेटवर बघून बघून शिकला. शांततेचा तुकडा दाखवा, म्हणे. त्यानं तिच्या हातच्या शेवटच्या भागातली शांतता उचलली. संगणकाला सांगितलं, हा आवाज सगळ्या भागांतून काढ.

भावजय नेहमी वेगळ्या फाइलवर काम करायची. हे धाकट्याला कुठून ठाऊक? त्यानं मूळ फायलींवरच सेव्ह केलं.

संध्याकाळी त्यानं सवयीप्रमाणे पहिला भाग लावला.

शांतता... एकदम काचेसारखी.

दुसरा लावला. तिसरा लावला. सगळीकडे तीच काच.

त्यानं संगणकाला दाखवलेल्या तुकड्यात पंखा होता, वायर होती, आणि ती होती. संगणकानं सांगितलेलं काम चोख केलं होतं.

मला फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘‘दादा, मी तिला काढून टाकलं रे.’’ मला आधी कळेचना. कळलं तेव्हा काय बोलावं ते सुचेना. मला, न सुचायला!

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्यानं पुन्हा ती खोली उघडली. पाहुणी होती दुधाचा धंदा करणारी एक विधवा मावशी. विषय त्यानंच निवडलेला. पवित्रजनांची संगत. म्हणजे जिवंत माणसं प्रार्थनेला बसतात तेव्हा गेलेलीही त्यांच्यासोबत बसतात का?

‘‘बसतही असतील,’’ मावशी म्हणाली. ‘‘पण आमचे हे बसायचे नाहीत. जिवंतपणी कधी बसले नाहीत.’’

धाकटा कितीतरी दिवसांनी हसला.

संध्याकाळी त्यानं रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं. सुरुवातीची शांतता. मावशीचं नाक जरा वाजत होतं. त्याचा स्वतःचा श्वास. आणि...

कोपऱ्यातून...

तिसरा.

तो ताडकन उठला. हेडफोनची वायर तुटता तुटता राहिली. पुन्हा ऐकलं. होता. स्टुलाच्याच दिशेनं. हलका, सावकाश.

तेव्हा मात्र तो रडला. इतका की शेजारची बाई पाणी घेऊन आली.

पुढच्या भागाला मेंढपाळ. रेकॉर्डिंगमध्ये आता श्वास जवळ आला होता. कोपऱ्यात नाही, टेबलापाशी. आणि गप्पा चालू असताना मेंढपाळ सारखा खुर्ची सरकवत होता.

‘‘काय झालं?’’

‘‘पाठीला वारा लागतोय, पाळकसाहेब. ती खिडकी लावून घ्या.’’

‘‘बंदच आहे.’’

मेंढपाळानं मान वळवून पाहिलं. खिडकी खरंच बंद होती. पंखाही बंद. पण भिंतीवरची रजई... भिंतीपासून सुटली होती. पोटासारखी फुगून टेबलाच्या बाजूला ओढली गेली होती.

मग सावकाश पुन्हा भिंतीला टेकली.

मेंढपाळानं टोपी उचलली. ‘‘कळपाकडं बघतो जरा,’’ म्हणाला आणि निघून गेला. कळप समोरच्या कुरणात निवांत चरत होता. धाकट्याला खिडकीतून दिसत होता.

पण धाकटा कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. त्याची बायको परत आली होती. अंगावर मूठभर मांस चढलं. उपासनेत गाणी पुन्हा मोठ्यानं म्हणू लागला. लोक म्हणाले, देवानं सांभाळलं.

त्यानं ते रेकॉर्डिंग एकाच माणसाला ऐकवलं. भावजयीच्या धाकट्या बहिणीला. ही रुग्णालयात नर्स. बोलायला फटकळ. त्याला वाटलं होतं, आनंदानं रडेल.

तिनं हेडफोन लावले. डोळे मिटले. ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून ऐकलं.

‘‘दाजी, ही ताई नाही.’’

‘‘असं कसं म्हणतेस?’’

तिनं हेडफोनची वायर काढली. आवाज खोलीभर आला.

‘‘माझ्या तोंडाकडं बघू नका. ऐका. आत घेतोय... ऐकलंत? आता परत... आत. परत आत. बाहेर कुठं सोडतोय?’’

धाकट्यानं ऐकलं.

आत...

आत...

आत...

एवढे दिवस तो रोज ऐकत होता. बाहेर येणारा श्वास त्यानं मनानंच भरून घेतला होता.

‘‘मेलेल्या माणसांबद्दल तू मला शिकवू नकोस,’’ तो चिडून म्हणाला. ‘‘मी पाळक आहे.’’

‘‘आणि श्वासाबद्दल तुम्ही मला शिकवू नका. मी नर्स आहे. घेतलेला श्वास सोडावा लागतो, दाजी. कुणालाही. हे जे काय आहे ते नुसतंच घेतंय. पुसून टाका.’’

‘‘पुन्हा?’’

ती हेडफोनची वायर गुंडाळू लागली.

‘‘एकदा पुसलं मी तिला,’’ धाकटा म्हणाला. ‘‘चुकून पुसलं. आता तू सांगतेस, जाणूनबुजून पुसा. आणि तीच असली तर?’’

‘‘आणि नसली तर?’’

पुसायचं कसं, हे त्याला आता चांगलं येत होतं. तुकडा दाखवायचा, बटण दाबायचं. बोट काही बटणाकडे जाईना.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तो एकटाच त्या खोलीत गेला. खिडकी लावली. माइक चालू केला. खुर्ची कोपऱ्याकडे वळवली आणि रिकाम्या स्टुलासमोर बसला.

पुढचं सगळं रेकॉर्ड झालेलं आहे. मी ऐकलेलं आहे.

आधी शांतता. मग धाकट्याचा आवाज, अगदी घरातला, उपासनेतला नाही.

‘‘तू असशील तर... एकदा सोड. फक्त एकदा. मग मी कुणाचं ऐकणार नाही.’’

आत...

‘‘सोड ना गं.’’

आत...

रजया भिंतींवरून सुटल्याचा आवाज येतो. चारही. कापड ओढलं गेल्यावर येतो तसा.

आत...

आणि मग ते थांबतं.

काही नाही. पंखा नाही, कुरणातली मेंढरं नाहीत. खुर्चीची कुरकुर नाही. रिकाम्या खोलीचा म्हणून असतो तो आवाजसुद्धा नाही.

आणि मग... बाहेर.

लांब. सावकाश. कितीतरी वेळ. इतका लांब श्वास एका छातीत मावेल असं वाटत नाही.

त्यानंतर धाकट्याचं हसणं ऐकू येतं. ‘‘सोडला! सोडला तिनं!’’

धावतच त्यानं मेहुणीला गाठलं. तिची ड्यूटी संपत होती. रुग्णालयाच्या पायरीवरच तिच्या कानांना हेडफोन लावले. ‘‘ऐक आता! ऐक आणि सांग!’’

तिनं ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढले आणि त्याच्या छातीकडे पाहिलं.

‘‘दाजी... हा तुमचा आहे.’’

‘‘काय?’’

‘‘हा बाहेर सोडलेला. तुमचा आहे. तुम्ही आत्ता धावत आलात ना एवढे?’’

‘‘हो.’’

‘‘मग धाप कुठं आहे?’’

तिनं त्याला आत नेलं. छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोके व्यवस्थित. नाडी व्यवस्थित. छाती वर होतेय, खाली होतेय. पाठीला लावला. ‘‘मोठा श्वास घ्या,’’ म्हणाली. त्यानं घेतला.

आवाज नाही.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दुसरा स्टेथोस्कोप मागवला. मग तिसरा मागवला. मग म्हणाले, ‘‘तुम्हाला काही त्रास होतोय का?’’ धाकटा म्हणाला, ‘‘अजिबात नाही. उलट फार बरं वाटतंय.’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘मग जा घरी.’’ डॉक्टरच ते. कागदावर काय लिहायचं असा प्रश्न पडला असणार.

पॉडकास्ट चालू आहे. आता तर जास्तच लोक ऐकतात. कौतुक करतात की पाळकसाहेबांचा आवाज किती स्वच्छ येतो हल्ली, मध्ये कुठे खरखर नाही, धाप नाही. शब्द संपला की पुढचा शब्द. मधे काही नाही.

मेहुणी त्याच्याकडे जात नाही. गावातली माणसं पाहुणे म्हणून यायला कां कू करू लागली आहेत. मेंढपाळ तर चर्चवरून जायचं झालं की कळप पार पलीकडच्या वाटेनं नेतो.

म्हणून धाकट्यानं परवा मला फोन केला.

‘‘दादा, पुढच्या भागात तू ये. थापा मारणाऱ्याला देव क्षमा करतो का, असा विषय घेऊ. लोक हसतील.’’

मी म्हटलं, ‘‘घसा बसलाय रे माझा.’’

‘‘छान तर बोलतोयस की.’’

‘‘गुडघेही दुखतात. एवढा प्रवास झेपत नाही.’’

‘‘बरं. झेपेल तेव्हा ये,’’ तो म्हणाला. चिडला नाही. आवाज इतका आनंदी होता की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची आठवण झाली.

मग तो गप्प झाला. मीही गप्प. फोन कानाला तसाच. त्याच्याकडून काही म्हणजे काही येत नव्हतं. मला वाटलं, लागलेला फोन तुटला.

‘‘दादा,’’ तो एकदम म्हणाला, ‘‘फोनवर तुझा श्वास किती छान ऐकू येतो रे.’’

मी चटकन तोंडावर हात धरला.

‘‘तिलाही आवडला.’’

आणि त्याच्या बाजूनं... अगदी कानाशी... कुणीतरी श्वास आत घेतला.

मी फोन ठेवला. तेव्हापासून घरात सांगून ठेवलंय, त्याचा फोन आला की म्हातारा झोपलाय म्हणा. झोपत मात्र नाही मी फारसा. पडून राहतो आणि ऐकतो.

आत गेलेला श्वास बाहेर आला, की मगच पुढचा घेतो.