फाटक कोणी उघडलं?

आर्डिसचा फोन आला तेव्हा काउंटीच्या पोलिसांतली उपशेरीफ मार्लिस क्वामने कॉफी अर्धीच ठेवली.

"ऑर्व्हल पहाटे गेलेत ते अजून परतले नाहीत," आर्डिसचा आवाज खोल गेला होता. "लेलंड म्हणतो, गाडी तळ्याकाठी उभी आहे. समोर बर्फाला भोक पडलंय."

आर्डिसचा नवरा ऑर्व्हल ट्वेट गेली तीस वर्षं काउंटी कमिशनर, म्हणजे इथल्या रस्ते-पुलांचा कारभारी होता. रस्ता खचला, मोरी तुंबली, कुणा म्हातारीच्या दारात बर्फ साचलं, की लोक थेट त्याच्या घरी फोन करत. आज ओढ्यावरचा दुरुस्त केलेला पूल सुरू व्हायचा होता. शाळा सुटली की मुलांची बस त्यावरून पहिल्यांदा जाणार होती.

तळ्यावर माणसं लांब काठ्यांनी भोकात चाचपत होती. सगळे हमरस्त्याकडून, गोठलेल्या तळ्यावरून चालत आले होते. पश्चिमेला आभाळ शिशासारखं झालं होतं. वादळ अंधाराआधीच गाठणार होतं.

रस्ते खात्याचा मुकादम लेलंड बर्श बाजूला उभा होता; पुलाची दुरुस्ती त्याच्याच हाताखाली झाली होती. त्याच्या नारिंगी जाकिटाच्या उजव्या खांद्यातून कापूस डोकावत होता.

"तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलं?" मार्लिसने विचारलं.

"उजाडताना. मी हमरस्त्यावर होतो, ते कुरणाच्या वाटेला वळले. दोन बोटं उचलून रामराम केला."

"सोबत कोण होतं?"

"कोणी नाही. एकटेच. बर्फावर बसून मासे पकडायचे असतील."

"तुम्ही कुरणात गेला होता?"

"आठवडाभर तिकडे फिरकलो नाही. पोरी, प्रश्न कसले विचारतेस? त्यांना बाहेर काढ आधी."

 मार्लिस एकटीच कुरणाच्या वाटेने निघाली.

वाटेत काटेरी तारेचं फाटक होतं, बंद. गवताच्या गंजीचा आडोसा असल्याने तिथलं बर्फ वाऱ्याने हललं नव्हतं. चाकांच्या खुणांशेजारी बुटांचे ठसे होते, फाटकाच्या अलीकडे आणि पलीकडे. ती वाकली. सगळे ठसे चाकांच्या खुणांच्या उजव्या बाजूला. डावीकडे, जिकडे इथल्या गाड्यांना ड्रायव्हरचं दार असतं, बर्फ कोरं होतं.

तारेच्या काट्यावर एक नारिंगी धागा लोंबत होता, कोरडा.

मार्लिसला लहानपण आठवलं. ऑर्व्हल तिला गाडीतून न्यायचा, फाटक आलं की इंजिन बंद न करता म्हणायचा, "शेजारी बसणाऱ्याचं काम." या मुलखात ते सांगावंही लागत नाही. फाटक दिसलं की शेजारचा माणूस आपोआप उतरतो.

फाटकापुढे वाट दुभागत होती. एक तळ्याकडे, दुसरी पुलाकडे; चाकांच्या खुणा दोन्हींवर होत्या.

तिने वायरलेस उचलला. "शाळेची बस पुलाअलीकडे थांबवा. आणि लेलंडला पुलावर आणा. दोरही आणा."

पुलावर लेलंड आला तो चिडलेला. "इथे काय आहे? माणूस तिकडे बुडालाय."

"बुडाला असं तुम्हीच सांगितलंत," मार्लिस म्हणाली. "ऑर्व्हल एकटे असते तर फाटकाला डावीकडून उतरले असते. शेजारी कोणीतरी होतं. त्या फाटकाचा खुंट खांद्याने रेटल्याशिवाय तारेची कडी सुटत नाही. तुमच्या खांद्याचा धागा तारेवर आहे."

"धागा आज अडकला हे कशावरून?"

"तुम्ही तर आठवडाभर तिकडे फिरकला नाहीत. इतका जुना असता तर त्यावर बर्फ चढलं असतं; हा कोरडा आहे."

लेलंडने खांद्यावर हात ठेवला. मग काढला.

"ऑर्व्हलना पूल बघायचा होता," ती म्हणाली. "वरच्या फळ्या नव्या आहेत. खालचे खांब?"

त्याने कठड्याला टेकून ओढ्याकडे पाहिलं.

"जुनेच," तो म्हणाला. "त्यांनी खांबात चाकू खुपसला, मुठीपर्यंत गेला. म्हणाले, आज बस जाणार नाही, आणि उद्यापासून तू मुकादम नाहीस. मी ढकललं. ते खाली पडले, हलले नाहीत. मग गाडी तळ्याला नेली, भोक पाडलं, बर्फावरून चालत परतलो."

मार्लिस आधीच दोर धरून उतरत होती. कठड्याखाली, कुजक्या खांबाच्या आडोशाला, मेंढीच्या कातड्याचा कोट गुंडाळून ऑर्व्हल पडला होता. एक पाय भलत्याच दिशेला वळला होता. ओठ निळे. तिने गळ्याला बोट लावलं तेव्हा पापणी हलली.

"बस?" त्याने विचारलं.

"थांबवली."

वर, वळणावर, पिवळी बस उभी होती आणि मुलं काचेला नाक लावून बघत होती.

"बरं," ऑर्व्हल म्हणाला. "मग आता माझा पाय बघ."