चार अंश

लाइट गेली तर जाऊ दे. बसा असेच. प्रियंका, मेणबत्ती नको लावूस, किडे येतात. मी सांगतो ते ऐका, आणि मधे हसायचं नाही. कारण ज्याच्यावर हे गुदरलं तो भरतेश चौगुले माझा दोस्त होता. मी तेव्हा सांगलीत टेलिफोन खात्यात लाइनमन. त्याच्या दुकानातल्या दोन्ही लाइनी मीच ओढलेल्या.

साल नव्व्याण्णव. भरतेशचं सांगलीच्या गावभागात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, वर घर. तासगावला लालासाहेब म्हणून एक बागायतदार होते, त्यांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. कुणाचा माल कुठल्या चेंबरात, कुठल्या रांगेत, हे सगळं एका सर्व्हरवर. आणि तो सर्व्हर आठवड्यातनं दोनदा अडकायचा. मग भरतेशनं स्कूटर काढायची, पंचवीस किलोमीटर जायचं, एक बटण दाबायचं आणि परत यायचं. माणूस वैतागला. त्यानं लालासाहेबांना नवा सर्व्हर घ्यायला लावला.

ह्या नव्याच्या मदरबोर्डावर एक जादाचा छोटा बोर्ड होता. सर्व्हर बंद पडला तरी हा जागा. त्याला मोडेम जोडलेला, मोडेमला टेलिफोनची तार. सांगलीतनं नंबर फिरवला की बोर्ड फोन उचलणार आणि भरतेशच्या पडद्यावर लिहून दाखवणार. पेटीच्या आत तापमान किती, पंखा किती फिरतोय, पेटीचं झाकण बंद आहे का कुणी उघडलंय. सर्व्हर बंद-चालूही इथनंच करायचा. आज तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. तेव्हा मलाही ते खरं वाटलं नव्हतं.

पण बोर्ड काही फोन उचलेना. बुधवारी जोडला, नुसती रिंग वाजत राहिली. गुरुवारी पाडवा, काम बंद. शुक्रवारी सकाळी भरतेश परत गेला. मोडेमनं आपणहून फोन उचलायचा, ती सेटिंगच राहिली होती. ती केली, पासवर्ड बदलला, झाकणाचे चारी स्क्रू आवळले, सांध्यावर स्वतःच्या सहीची चिठ्ठी चिकटवली. खोलीला कुलूप घालून किल्ली वॉचमन नाथाजीच्या हातात दिली.

"तात्या, ह्या खोलीत कुणाला सोडायचं नाही."

"न्हाई सोडत साहेब. मलाबी आत काय काम न्हाई."

त्याच रात्रीची गोष्ट. शुक्रवार, एकोणीस मार्च. आठ वाजून चाळीस मिनिटं. ऑफिस बंद झालं की फोनवर गर्दी नसते, म्हणून त्यानं ती वेळ धरली होती. जैन घर, जेवण दिवस मावळायच्या आधीच झालेलं. भरतेश दुकानात बसला आणि एका लाइनीवर नंबर फिरवला. मोडेम किरकिरला. जोडणी झाली.

तापमान एकतीस. पंखा चालू. झाकण बंद.

तो इतका खूश झाला की वर बायकोला हाक मारली. "दीपाली, खाली ये. हे बघ, तासगावचं मशीन इथनं दिसतंय."

दीपाली आली. पदराला हात पुसत वाकून बघितलं. "एवढं गार हाय व्हय तिकडं?"

"गार कुठलं? पत्र्याची खोली आहे. एकतीस."

"आवं, चोवीस दाखवतंय की."

त्यानं बघितलं. चोवीस. बघता बघता एकवीस. मग सतरा.

भरतेश म्हणाला, "सेन्सर बिघडला." त्यानं सांगलीतनंच बोर्डाला रीसेट दिला. लाइन तुटली. तो उठला, दुकानात दोन फेऱ्या मारल्या, परत बसला, परत नंबर फिरवला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

नऊ.

आणि खाली दुसरी ओळ. झाकण उघडं.

आता त्याला चोराची शंका आली. दुसरा फोन उचलून त्यानं कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसला लावला. बऱ्याच वेळानं नाथाजीनं घेतला.

"तात्या, मशीनच्या खोलीत कोण शिरलंय?"

"कोण न्हाई साहेब. कुलूप हाय. किल्ली माज्या कंबरंला हाय."

"खिडकीतनं बघून या."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. चपला गेल्या. चपला परत आल्या.

"कोण न्हाई. पेटी हाय तशी हाय. चिठ्ठीबी हाय."

"झाकण?"

"बंद हाय की."

पडद्यावर मात्र झाकण उघडं. मग बंद. मग उघडं. बंद. उघडं. बंद. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तसंच. भरतेशनं नकळत टेबलावर बोट आपटून मोजलं. तीनदा... आणि थांबा. तीनदा... आणि थांबा.

तापमान आता घसरत नव्हतं. चारवर थांबलं होतं.

"तात्या, तुमच्या चेंबरात किती थंडी ठेवता?"

"चार. का वो?"

भरतेशनं पडद्याकडं बघितलं. दीपाली त्याच्या खांद्याला धरून उभी होती. मग त्यानं जे दिसत होतं ते जसंच्या तसं सांगितलं. चार अंश. आणि झाकण असं उघडतंय-मिटतंय, तीनदा, थांबून तीनदा.



"तात्या?"

श्वास ऐकू येत होता. नुसता श्वास.

"तात्या, आहात ना?"

"...तसंच वाजत हुतं, साहेब."

"काय वाजत होतं? कधी?"

मग नाथाजी बोलला. तुटक तुटक. दोन वर्षांपूर्वी बाळासो म्हणून हमाल होता. संध्याकाळी दारं लावली तेव्हा तो तीन नंबरच्या चेंबरात राहिला. आतनं दार उघडायचा खटका मोडलेला. रात्रभर तो दार वाजवत होता. तीनदा, थांबून तीनदा. गेटवर नाथाजीच होता. त्याला ऐकू आलं होतं.

"मला वाटलं कंप्रेसरचा पाइप वाजतोय. मी... मी कांबळं डोक्यावरनं घेऊन झोपलो, साहेब. सकाळी दार उघडलं तवा..."



भरतेश मला म्हणाला होता, "राजरत्न, मी देव मानतो, भुतं नाही. पण त्या वेळी मला एकच कळलं. ह्या म्हाताऱ्यानं आत्ता ते दार उघडायला पाहिजे." त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "तात्या, तीन नंबर उघडा."

"राती न्हाई उघडत मी ते."

"तात्या."

"आत कोण नसतंय आता. बाळासोच्या मागं आत घंटा बसवलीया. कोण असतं तर घंटा वाजली असती. न्हाई वाजली."

"मग उघडून बघायला काय हरकत आहे?"

पडद्यावर परत तेच. झाकण उघडं. बंद. उघडं...

"फोन ठिवू नगा, साहेब," नाथाजी म्हणाला. "लाइन चालू ठिवा. कोणतरी संगं पायजे."

रिसीव्हर टेबलावर. चपला. लांब, आणखी लांब.

मग काही नाही.

एक मिनिट. दोन. भरतेशच्या एका कानाला रिसीव्हर, डोळे पडद्यावर. उघडं. बंद. थांबा. दीपालीनं तोंडातल्या तोंडात नवकार मंत्र म्हणायला सुरुवात केली होती. तीन मिनिटं. उघडं. बंद. उघडं...

आणि ते थांबलं.

फोनमधनं लांबनं लोखंडी दाराचा कर्र आवाज आला. मग नाथाजीची हाक. किंकाळी नव्हे. हाक. "आगं हरणाबाई! हरणाबाई गं!"

बेदाणा निवडायला येणाऱ्या बायकांतली ही हरणाबाई. जाताना विसरलेलं कांबळं घ्यायला ती आत वळली होती. बॉक्सची थप्पी अंगावर आली. डोक्याला मार लागून ती जागच्या जागी बेशुद्ध. घंटा दारापाशी, ही पार मागच्या रांगेत. साडेसहाला दारं लागली. सकाळी ती माहेराहून थेट कामावर आलेली; घरच्यांना वाटलं, पाडव्याला आष्ट्याला माहेरी गेली ती तिथंच राहिली.

नाथाजीनं तिला फरफटत बाहेर आणलं, स्वतःच्या अंगावरचं कांबळं तिच्यावर टाकलं आणि रस्त्यावर उभा राहून ट्रॅक्टर अडवला. दवाखान्यात नेली तेव्हा नाडी कशीबशी लागत होती. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर हाती लागली नसती.

हरणाबाई जगली. महिन्याभरानं मीच तिला विचारलं, "बाई, तुम्ही आतनं दार वाजवलं होतं का?" ती म्हणाली, "मला काय बी ठावं न्हाई, दादा. दिवा गेला आन् डोक्यात अंधार झाला. एवढंच." मग म्हणाली, "पर कोण तरी माज्या उशाला बसल्यागत वाटत हुतं. बोलत न्हवतं."

नाथाजीनं नोकरी सोडली नाही. रोज संध्याकाळी कुलूप घालण्याआधी तो तीन नंबरात पार मागच्या भिंतीपर्यंत चालत जायचा आणि एक हाक मारायचा. नाव घेऊन. कुणाचं, ते मी सांगायला नको.

आता शेवटचं. शनिवारी सकाळी भरतेश तासगावला गेला. मीही बरोबर होतो, टेलिफोनची तार तपासायला. तार ठीक. मोडेम ठीक. सेन्सर ठीक, खोलीत ठेवून बघितला, बरोबर तेहतीस दाखवला. झाकणावरची सही केलेली चिठ्ठी तशीच, चारी स्क्रू आवळलेले. भरतेशनं ते माझ्यासमोर काढले. झाकण उचललं, उलटं केलं... आणि दोघांचे हात तसेच राहिले.

पत्र्याच्या आतल्या बाजूला, जिथं बाहेरनं हात जाणंच शक्य नाही, तिथं एक पंजा उमटला होता. पुरुषी, मोठा. पाचही बोटं पसरलेली. तेवढ्या जागेवरचा रंग उडून पत्रा पांढरा पडलेला, बर्फ चिकटून निघाल्यासारखा.

खोलीत घामाच्या धारा लागत होत्या. मी त्या पंज्यावर माझा हात ठेवला.

गार होता.